हँडब्रेकची नाडाछडी

आमच्या गाडीचा हँडब्रेक लागत नाही, हे मला समज आली तेव्हापासून माहीत आहे. घरातल्या एखाद्या माणसाला कमी ऐकू येतं आणि सगळे त्याच्याशी मोठ्याने बोलायला लागतात, तसं आम्ही त्या ब्रेकला सांभाळून घेत आलो. बाबा गाडी थांबवायचे आणि पायाचा ब्रेक दाबून बसायचे. आई शेजारच्या सीटवरून उतरायची, पायापाशी ठेवलेला दगड उचलायची, मागच्या चाकाला लावायची आणि डिकीवर थाप मारायची. थाप ऐकली की बाबा पाय काढायचे. गाडी जराशी मागे सरकून दगडावर टेकायची आणि मग मी उतरायचे. लग्न असो, मयत असो, दवाखाना असो, आमच्या गाडीतून सगळ्यात आधी उतरणार ती आई, तेही हातात दगड घेऊन.

गाडी जुनी, गोल पाठीची, स्टीअरिंगच्या दांड्याला गिअर असलेली. बाबांनी ती नोकरीत असताना जुनीच घेतली आणि मग दोघंही एकमेकांबरोबर म्हातारे झाले. हल्ली जालन्यात लोक थांबून तिच्याबरोबर फोटो काढतात. नवरदेवाला मिरवायला ती मागायलाही येतात. बाबा देत नाहीत. वरातीत दगड कोण लावणार, असं विचारून ते लोकांना वाटेला लावतात आणि वर स्वतःच हसतात. गिअरमध्ये टाकून उभी करा म्हणाल, तर तेही करून झालं आहे. इंजिनात आता तेवढा जोर उरलेला नाही. चढावर गिअरमध्ये ठेवली तरी ती दम खात खात मागे येते. आणि आमचं घर मस्तगडच्या चढाच्या गल्लीत.

यंदा पावसाळ्यात सगळं बिनसलं. दवाखान्यापुढे नवा सिमेंटचा रस्ता झाला होता. आई नेहमीसारखी उतरली, दगड लावला, थाप मारली. बाबांनी पाय काढला. मातीच्या रस्त्यावर दगड रुतून बसतो. सिमेंटवर तो घसरत गेला आणि त्याच्यामागे गाडी. बाबांनी परत ब्रेक दाबला म्हणून निभावलं. पण आई दगड धरायला वाकली ती तिथेच रस्त्यावर बसली. गुडघे तिचे आधीच गेले होते. दवाखान्यातल्या दोन माणसांनी येऊन तिला उठवलं. मी तेव्हा ऑफिसात होते, हे सगळं मला नंतर बाबांकडून कळलं, आणि बाबांच्या सांगण्यात सगळा दोष सिमेंटचा होता.

त्या दिवसापासून आई गाडीत बसली नाही. देवळात नाही, बाजारात नाही, कुठेच नाही. मला वाटलं, थोडे दिवस धास्ती राहील, मग विसरेल. पण दसरा झाला आणि तिने जाहीर केलं की यंदा भाऊबीजेला ती वाटूरला जाणार नाही.

हे साधं नव्हतं. वाटूरला तिचा थोरला भाऊ असतो, माझा मामा. त्याच्या हृदयाचं दुखणं सुरू झाल्यापासून डॉक्टरांनी त्याला प्रवास बंद केला आहे, त्यामुळे तो इकडे येत नाही. आईच जाते. वर्षातून एकदा, भाऊबीजेला, याच गाडीतून. दोघं फोनवर बोलत नाहीत, कारण मामाला फोनवर काय बोलावं ते सुचत नाही आणि आईला त्याची शांतता सहन होत नाही. म्हणजे ती गेली नाही तर भेट नाही. आणि मामाची तब्येत बघता, यंदाची हुकली तर पुढच्या वर्षीचं कोणी सांगावं, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

मी पर्याय सुचवले. एसटीची पायरी तिला चढवत नाही. भाड्याची गाडी म्हणाले तर परक्याच्या गाडीत बसून माहेरी जायचं न्हाई, असं उत्तर आलं. दगड मी लावते म्हणाले, तर म्हणे तुला दगड लावता येत नाही. हे मात्र खरं होतं. मी एकदा लावला होता आणि गाडीने समोरच्यांच्या कुंड्या फोडल्या होत्या. शेवटी ती म्हणाली, "ब्रेक बराबर होईपर्यंत मी त्या गाडीत पाय ठेवणार न्हाई."

बाबा पेपर वाचत होते. पेपर खाली न घेता ते म्हणाले, "मंग ऱ्हा घरी."

झालं. दोघंही आपापल्या जागी पक्के. अशा वेळी तिसऱ्या माणसाचं काय होतं, हे ज्यांनी आईबापांबरोबर राहून बघितलंय त्यांनाच कळेल. माझं लग्न झालं होतं, मोडलं, मी परत आले. तो विषय इथे नाही. पण परत आलेल्या मुलीच्या वाट्याला घरातली न सुटलेली सगळी कामं आपोआप येतात, नळाच्या वायसरपासून भावकीच्या भांडणापर्यंत. मी म्हणाले, मी करते दुरुस्त.

आधी अर्थातच गॅरेजवाल्याकडे गेले. त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली, बोनेटवर मायेने हात फिरवला आणि ही आता शोभेची वस्तू आहे, ब्रेकचं काय घेऊन बसलात, असं मला समजावलं. दगड लावा ना ताई, सगळे तेच करतात. दुसऱ्याने दिवाळीनंतर या म्हणून सांगितलं. भाऊबीज दिवाळीतच असते, हे मी त्याला सांगितलं तर त्याने मोठ्या सहानुभूतीने मान हलवली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

मग मी मोबाइलवर व्हिडिओ बघायला लागले. कुठल्या तरी परदेशातला एक माणूस, त्याचं स्वच्छ गॅरेज, भिंतीवर टांगलेले पाने लहान-मोठे ओळीने. तो नटाला पाना लावतो आणि नट फिरतो. मला त्या माणसाचा पहिल्या मिनिटापासून राग येत गेला. आमच्याकडे नटाला पाना लावला की पाना फिरतो, नट जागेवर. रॉकेल घातलं, डिझेल घातलं, हातोडीने ठोकलं, पान्यावर उभी राहिले. शेवटी नट फिरला तेव्हा मी तोल जाऊन मागे आपटले, आणि ओट्यावर चहा घेत बसलेले बाबा म्हणाले की उलटा फिरवून राह्यली असशील.

बाबांचं हे रोजचं झालं होतं. सुट्टीच्या दिवशी मी गाडीखाली, ते ओट्यावर. मी जॅक लावला की जॅक चुकीच्या जागी आहे. जागा बदलली की आधीची बरी होती. गाडी नीट टेकवायला मी लाकडाचे ठोकळे लावले, पुढच्या चाकांना विटा लावल्या, तर ते शेजाऱ्यांना म्हणाले की पोरगी गाडी दुरुस्त करून राह्यली का घर बांधून राह्यली. शेजारीही हसले. गाडीखाली आडवं पडलेल्या माणसाला वर काय चाललंय ते फक्त चपलांवरून कळतं, आणि त्या दिवसांत आमच्या दारापुढे थांबणाऱ्या चपला फार वाढल्या होत्या.

चाकाच्या आत लोखंडी ड्रम असतो, मोठ्या डब्याच्या झाकणासारखा. त्याच्या आत दोन अर्धगोल पट्ट्या असतात. त्या बाहेर फाकून ड्रमला आतून दाबल्या की चाक धरलं जातं. पायाचा ब्रेक दाबला तरी त्याच पट्ट्या, हँडब्रेक ओढला तरी त्याच. फक्त हँडब्रेक त्यांना केबलने ओढतो. एवढं मला समजलं होतं आणि एवढं समजणं पुरेल असं वाटलं होतं. ड्रम निघेना. गंजून बसला होता. एका बाजूचा निघाला तर दुसऱ्या बाजूचा निघेना. निघाला तेव्हा आतून एवढी काळी भुकटी उडाली की मी दोन दिवस ऑफिसात नाक पुसत होते आणि रुमाल लपवत होते.

पट्ट्यांवरचे लायनर, म्हणजे ड्रमला घासणारं अस्तर, मला झिजलेले वाटले. बाबा म्हणाले, पायाचा ब्रेक लागतो म्हणजे लायनर चांगले आहेत. मी म्हणाले, तुम्हाला काय कळतं. मोंढ्याकडच्या दुकानात जाऊन नवे लायनर ठोकून आणले. बसवले. स्प्रिंग बसवताना ती हातातून निसटून गल्लीत कुठे तरी गेली आणि मी ती गटाराच्या कडेला रांगत शोधली. सगळं जोडलं, हँडब्रेक ओढला. दांडा सुळकन वर आला आणि सोडला तसा सुळकन खाली गेला. आधी होता तस्साच. बाबा चहाचा कप उचलून आत गेले. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

मग केबल. केबलचा दोष असणार हे मला आता दिवसासारखं स्पष्ट दिसत होतं. दांडा ढिला आहे म्हणजे केबल ढिली आहे. आणखी काय असणार? केबल आपल्या नळीत गंजून जाम झाली होती, म्हणजे मी बरोबर होते. तेवढ्या आनंदात मी जोर लावला आणि टोकाचा नट केबलसकट तुटून हातात आला. त्या दिवशी मी जे बोलले ते आईने ओट्यावरून ऐकलं आणि आत जाऊन देवापुढे हात जोडले. नवी केबल बनवून घ्यावी लागली. ती आधी आखूड झाली. परत केली. दुसरी बराबर आली. ऑफिसातून आल्यावर उजेड असेल तोवर काम करायचं, अंधार पडला की हात धुवायचे, आणि नखांतलं काळं निघालं नाही म्हणून वैतागत जेवायचं, असं चाललं होतं. दिवाळीची साफसफाई सगळ्या गल्लीत चालली होती. आमच्या ओट्यावर मात्र तेलकट चिंध्या वाळत होत्या.

ज्या दिवशी केबल जोडली त्या दिवशी मी बाबांना ड्रायव्हरच्या जागी बसवलं. म्हणाले, मी सांगितलं की हँडब्रेक ओढा आणि पाय काढा. त्यांनी ओढला. लागला का, मी विचारलं. लागला, ते म्हणाले. मी चाकामागचा दगड काढला आणि त्यांनी दांड्यावरचा हात.

गाडी मागे आली. धाडकन नाही, सावकाश, एखादी म्हैस गोठ्यात मागे सरकते तशी. मी बाजूला उडी मारली, कोपर भिंतीवर खरवडलं, आणि बाबांनी पायाचा ब्रेक दाबेपर्यंत गाडी समोरच्यांच्या पाण्याच्या टाकीला टेकली. टाकीला काही झालं नाही. पण समोरच्या काकू बाहेर आल्या, त्यांनी गाडी बघितली, मला बघितलं आणि दारातल्या उरलेल्या कुंड्या उचलून आत नेल्या.

मी दगड परत लावला. बाबांना उतरा म्हणाले. आणि त्यांच्या जागी बसून हँडब्रेकचा तो दांडा रागाने वरखाली, वरखाली ओढत राहिले. नवे लायनर, नवी केबल, सोलवटलेलं कोपर, आणि भाऊबीज आठवड्यावर. मला रडायला येत होतं, पण गल्लीत रडणं मला मंजूर नव्हतं. म्हणून मी दांडा ओढत होते. तो माझ्या उजव्या हाताला, सीट आणि दरवाज्याच्या मध्ये असतो. ओढता ओढता मला त्या परदेशी माणसाचा व्हिडिओ आठवला. त्याने दांडा ओढला की कट कट कट असा आवाज व्हायचा. आमचा दांडा कधीच वाजत नाही. मी लहानपणापासून त्याला मुकाच बघत आले होते.

मी वाकून दांड्याच्या बुडाशी बघितलं. तिथे नाडाछडी होती.

खंडेनवमीला आमच्याकडे गाडीची पूजा होते. आई पूर्वी स्टीअरिंगला लाल-पिवळा दोरा बांधायची, तो बाबांच्या हातात यायचा. मग आरशाला बांधला तर आरसाच निखळला. तेव्हापासून तिने हँडब्रेकची जागा धरली. बाबांना पायाच्याच ब्रेकची सवय, तो कुणी वापरतच नव्हता, त्यामुळे दोरा कुणाच्या आड येत नव्हता. दरवर्षी नवा नाडा, ओलं हळदकुंकू, अक्षता आणि वर तेलाचं बोट. जुना दोरा काढायचा नाही, नवा त्याच्यावरच गुंडाळायचा. वर्षानुवर्षांचे ते थर वाळून, तेल पिऊन, धूळ खाऊन त्यांचा मुठीएवढा गठ्ठा झाला होता, लाकडासारखा टणक. आणि त्या गठ्ठ्याखाली दांड्याचे दात होते. दांडा वर ओढला की एक लहानशी लोखंडी पट्टी त्या दातांत अडकून बसायला हवी, तेव्हा तो वर राहतो. आमची पट्टी कुंकवात रुतली होती. ती दातांपर्यंत पोचतच नव्हती.

हे सगळ्यांना रोज दिसत होतं. यंदा तर आईने ताट धरलं होतं आणि नाडा मी माझ्या हाताने बांधला होता, घट्ट, दोन वेढे जास्तीचे. राग कुणावर काढावा हेही ठरेना.

मी घरात जाऊन कात्री घेतली. आईने विचारलं कशाला, आणि मी सांगितलं. तिने कात्री माझ्या हातातून काढून घेतली. देवाचा नाडा कात्रीने तोडत न्हाईत, म्हणाली. मी म्हणाले, मग ब्लेडने तोडते. ती म्हणाली, कशानेच न्हाई. मी म्हणाले, आई, तू ब्रेक कर म्हणालीस, ब्रेक या दोऱ्यांनी अडलाय, आता एक तर दोरे ठेव नाही तर वाटूरला जा. मी हे फार मोठ्याने म्हणाले. समोरच्या काकूंची खिडकी उघडली. बाबा ओट्यावरून आत आले आणि आयुष्यात पहिल्यांदाच या प्रकरणात माझ्या बाजूने बोलले. म्हणाले, त्या दोऱ्यानं गाडी सांभाळली का दगडानं, ते तरी ठरवा. त्यावर आईने कात्री परत फळीवर ठेवली.

ती म्हणाली, "तो दांडा खोलून माह्यापुढं आणून ठेव."

म्हणजे परत गाडीखाली. नुकतीच बसवलेली केबल सोडवा, दांड्याचे नट काढा, ते गंजलेले. मी अक्षरशः दात खात काम केलं आणि तो दांडा जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून आईच्या पुढ्यात ठेवला. तिने तो कोमट पाण्यात भिजवला. मग गोधडी शिवायचं दाभण घेऊन अंगणातल्या खाटेवर बसली आणि एकेक दोरा उकलायला लागली. तोडायचा नाही, उकलायचा. टोक सापडलं की हलक्या हाताने ओढायचं, अडलं की दाभणाने सैल करायचं, तेलाचं बोट लावायचं, परत ओढायचं. मी दर थोड्या वेळाने येऊन बघायचे आणि गठ्ठा तेवढाच दिसायचा. दिवाळी तोंडावर आलेली, फराळ राहिलेला, आणि ही बाई खाटेवर बसून गंजलेल्या दांड्याची गाठ सोडवतेय. मी मागे लागले की ती म्हणायची, तू चकल्या कर. मी चकल्या केल्या. त्या तुटल्या.

शेवटी तळाशी पोचली तेव्हा दातांच्या फटींतून तांदळाचे दाणे निघाले, काळे पडलेले, दगडासारखे. मी रॉकेल आणि दात घासायचा जुना ब्रश घेऊन दात घासले. खालून लोखंड निघालं, चांगलं धारदार, न झिजलेलं. वापरलंच नव्हतं कुणी, झिजणार कसं? आईने सगळे दोरे गोळा करून तुळशीच्या कुंडीत पुरले. नवा दोरा कुठे बांधायचा ते तिचं ती ठरवेल म्हणाली. मी म्हणाले, आरशाला बांध, आरसा मी पक्का करून देते.

दांडा बसवला. केबल जोडली. बाबांना बसवलं, आणि या वेळी मी त्यांच्या हाताकडेच बघत उभी राहिले. त्यांनी ओढला. कट, कट, कट, कट. बाबांनी दचकून हात काढला. मी मागे जाऊन चाकाचा दगड हळूच ओढला, पाय तिथेच अडवायला तयार ठेवून. गाडी हलली नाही. मी दोन्ही हातांनी बोनेटवरून ढकलून बघितली. नाही हलली. बाबा खाली उतरले, गाडीभोवती फिरले, उताराकडे बघितलं आणि म्हणाले की नगरपालिकेनं चढ कमी केला का काय. एवढंच. शाबास म्हणायला त्यांना काय झालं असतं, कोण जाणे. मी तेव्हा त्यांना काही बोलले नाही, कारण मला वाटत होतं की मी जिंकलेय आणि उदार व्हायला हरकत नाही.

आईला मी सांगितलं, ब्रेक झाला. ती म्हणाली, खरंच झाला? आणि मग गुडघ्यांवर हात ठेवून दारातल्या गाडीकडे बघत बसली. मला ते विचित्र वाटलं, पण मी थकले होते.

भाऊबीजेच्या दिवशी बाबांनी गाडी ओट्याला अगदी लागून उभी केली. ओटा आणि गाडीची सीट एका उंचीवर येतात, त्यामुळे आई ओट्याच्या कडेला बसली आणि तशीच सरकत मागच्या सीटवर गेली. मांडीवर ओवाळणीचं ताट, शेजारी फराळाचा डबा. रस्त्याने शेतात कापूस फुटला होता, कुठे सोयाबीनचे ढीग होते. बाबा जुनी गाणी गुणगुणत होते. मी पुढे बसून मनातल्या मनात माझंच कौतुक करून घेत होते, दुसरं कुणी करत नव्हतं म्हणून.

मामाचं घर वाटूरच्या फाट्यापासून आत, चढाच्या गल्लीत आहे. बाबांनी दारापुढे गाडी थांबवली, हँडब्रेक ओढला, पाय काढला. मी खिडकीतून समोरच्या लिंबाच्या झाडाकडे बघत राहिले. झाड जागेवर होतं, म्हणजे आम्हीही जागेवर होतो. बाबा उतरून दाराकडे गेले. मामा काठी टेकत दारात आला. मी उतरले आणि आईचा दरवाजा उघडला.

आई उतरेना. ताट मांडीवर घट्ट धरून बसून राहिली. मी म्हणाले, चल ना. ती खाली रस्त्याकडे बघत होती. तिथे ओटा नव्हता, सीटपासून जमीन चांगली खोल होती.

"मला उतरता येत न्हाई," ती हळू आवाजात म्हणाली. "आधाराबिगर बसलेलं उठताच येत न्हाई मला आता. त्या दिवशी दवाखान्यापुढं दोघांनी काखेत हात घालून उचललं, सगळे बघत होते. इथं भावाच्या दारात तसं नको."

मला आधी काही कळलंच नाही. मग कळलं आणि माझं डोकं फिरलं. मी विचारलं, मग ब्रेकचं कशाला सांगितलंस? इतके दिवस मी गाडीखाली लोळत होते ते कशासाठी?

"मला वाटलं, तुह्यानं व्हायचा न्हाई ब्रेक," आई म्हणाली. "मंग तू केलास. आता न्हाई कसं म्हणू?"

मी दरवाजा धरून उभी होते. मला तिला काही तरी फार लागेल असं बोलायचं होतं. आधी सांगायचं ना. मला सांगायला काय झालं होतं. मी घरात राहते, रोज तुझ्यापुढे जेवते. पण तिने मला नाही सांगितलं, दगडाला पुढे केलं, ब्रेकला पुढे केलं, आणि मी इतके दिवस तिच्याकडे न बघता नटांकडे बघत राहिले होते.

मामा एवढ्यात काठी टेकत खाली आला होता. त्याने काय ऐकलं, काय नाही, माहीत नाही. तो गाडीला वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेला. पलीकडचा दरवाजा उघडायला त्याला जमेना, तेव्हा बाबांनी तो उघडून दिला. मामा एक पाय आत टाकून थांबला. पुढच्या रिकाम्या सीटकडे त्याने बघितलं, मग मागच्या उताराकडे. आमच्या गाडीची ख्याती त्याला चांगली माहीत होती.

"पुढं कोणी न्हाई बसलेलं," तो म्हणाला. "चढ हाय."

"बस दादा निवांत," आई म्हणाली. "माह्या पोरीनं बसवलाय ब्रेक. हलायची न्हाई."

मामा बसला. बाबांनी काडी ओढून निरांजन लावून दिलं आणि दोन्ही दरवाजे जपून लावले, वारा नको म्हणून. काचेतून दिसत होतं, आईने मामाच्या कपाळाला कुंकू लावलं, अक्षता लावल्या, गाडीचं छप्पर सांभाळत ताट ओवाळलं. मामा काही तरी बोलत होता. तो फोनवर कधी बोलत नाही, पण तिथे बोलत होता, आणि आई मान हलवत होती. मला रडू आलं, आणि भर गल्लीत रडू आलं म्हणून पुन्हा राग आला. मी डोळे पुसले नाहीत. त्यांचं बोलणं संपेपर्यंत मी मागच्या चाकापाशी उभी राहिले आणि चाकाकडे बघत होते. ते जागचं हललं नाही.